या जगात क्लेरिक का नाहीत?

डन्जन्स अँड ड्रॅगन्स या खेळात ‘गुडबेरी’ नावाचा एक साधा मंत्र आहे. पहिल्याच लेव्हलचा ड्रुइड, म्हणजे निसर्गाची उपासना करणारा जादूगार, तो म्हणतो आणि त्याच्या तळहातावर दहा बेरी येतात. एक बेरी खाल्ली की माणसाचं दिवसभराचं पोट भरतं. गुहेत शिरून राक्षस मारायच्या मोहिमेत या मंत्राकडे कुणी वळूनही पाहत नाही. पण समजा, खेळ चालवणाऱ्याने वाळवंटातली कथा रचली आहे. तांडा लुटला गेलाय, पुढचं गाव आठ दिवसांवर आहे, पखाली रिकाम्या होत चालल्यात, आणि कुणाला किती घास द्यायचा यावरून सोबत्यांत ठिणगी पडायची आहे. नेमका पाच खेळाडूंपैकी एकाने ड्रुइड घेतला आहे. रोज सकाळी दहा बेरी, खाणारी तोंडं पाच. भुकेची कथा तिथेच संपली. हाच ड्रुइड, किंवा देवाच्या कृपेने चमत्कार करणारा क्लेरिक, पहिल्या लेव्हललाच पाणीही काढून देऊ शकतो. म्हणजे तहानही गेली.

अशा वेळी डन्जन मास्टर काय करतो, यावर पुढचा सगळा खेळ कसा जाणार ते ठरतं. डन्जन मास्टर म्हणजे टेबलाभोवती बसलेल्या चार-सहा खेळाडूंना जग उभं करून दाखवणारा, त्यातल्या राक्षसापासून राजापर्यंत सगळ्यांच्या वतीने बोलणारा माणूस. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात. पात्राचा क्लास म्हणजे त्याचा पेशा. ते कशाने लढतं, कोणते मंत्र जाणतं, कुठे कमी पडतं, हे बहुतांशी क्लासवरून ठरतं. ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ या मालिकेतल्या मुलांमुळे हा खेळ आपल्याकडेही अनेकांना नावाने तरी ठाऊक झाला, आणि पुण्या-मुंबईत तो खेळणारे गट आता आहेत. नवा गट बसला की पहिल्या वादांपैकी एक याच मुद्द्यावर होतो: पुस्तकात हा क्लास छापलेला आहे, मग मला तो का मिळत नाही?

माझं मत आधीच सांगून टाकायला हवं. एखादा क्लास वगळणं किंवा बदलणं हा डन्जन मास्टरचा हक्क आहे, आणि जग घडवण्याचं त्याच्या हातातलं ते सगळ्यांत धारदार हत्यार आहे. मात्र दोन अटींवर. वगळण्याचं कारण त्या जगात नांदताना दिसलं पाहिजे, आणि वगळलेल्या क्लासचं काम दुसऱ्या कुणाच्या तरी हाती गेलं पाहिजे. या अटी सुटल्या की उरते ती नुसती आडकाठी.

छापील यादी पवित्र मानण्याचं काही कारण नाही, हे तिच्या जन्मकथेवरूनच कळतं. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 1974 साली हा खेळ छापला तेव्हा त्यात क्लास होते तीन: लढवय्या, जादूगार आणि क्लेरिक. यातला क्लेरिक आला कुठून? आर्नेसन 1971पासून मिनेसोटात ‘ब्लॅकमूर’ नावाचा खेळ चालवत होता. त्यातलं सर फँग नावाचं एक पात्र रक्तपिपासू व्हॅम्पायर झालं आणि इतकं बलाढ्य झालं की कुणाला आवरेना. त्याला तोड म्हणून भयपटांतल्या व्हॅम्पायर-शिकाऱ्यांच्या धर्तीवर एक धर्मयोद्धा घडवण्यात आला. तोच पुढे क्लेरिक झाला. आजही क्लेरिक आपलं धर्मचिन्ह पुढे धरून भुताखेतांना पळवून लावतो, ती त्या जुन्या भांडणाची खूण. म्हणजे ज्या क्लासशिवाय चालूच शकत नाही असं अनेकांना वाटतं, तो मुळात एका टेबलावरची डागडुजी होता.

बाकीचे क्लास असेच एकेका पुस्तकातून आणि सिनेमातून येत गेले. जादूगाराने मंत्र पाठ करायचे आणि वापरले की ते डोक्यातून पुसले जायचे, ही पद्धत जॅक व्हान्सच्या 1950मधल्या ‘द डाइंग अर्थ’ची. पॅलाडिन, म्हणजे व्रतस्थ धर्मवीर, याच्या घडणीवर पोल अँडरसनच्या कादंबरीचा ठसा आहे. रानावनात फिरणारा रेंजर सरळसरळ टॉल्किनच्या अ‍ॅरागॉर्नवरून घेतलेला. नि:शस्त्र लढणारा मंक कुंग-फूच्या लाटेवर 1975मध्ये दाखल झाला. प्रत्येक क्लास आपल्या मूळ जगाचे कायदे पाठीवर बांधून येतो, आणि सगळ्यांना एकाच गावात वस्तीला ठेवलं की त्या गावाला स्वतःचा कायदा उरत नाही. हल्लीच्या अनेक काल्पनिक जगांना चव नसते, त्याचं मला दिसणारं मोठं कारण हेच.

क्लास वाढवणंही एक प्रकारचं बंधनच असतं, ही गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. 1975मध्ये ‘ग्रेहॉक’ या पुरवणीत चोराचा क्लास आला. कुलपं उघडणं, सापळे निकामी करणं, सावलीत लपणं ही त्याची कामं, आणि प्रत्येकाला टक्केवारी ठरवून दिलेली. त्याआधी ही कामं कुणीही करून पाहत असे. लढवय्या काठीने फरशी ठोकून बघे, जादूगार दाराच्या फटीतून आत डोकावे, आणि खेळाडूच्या वर्णनावर डन्जन मास्टर निकाल देई. चोर आल्यावर बाकीच्यांचे हात आखडले. ‘ते चोराचं काम’ असं म्हणून लढवय्ये मागे उभे राहू लागले. जुन्या पद्धतीने खेळणारे काही गट आजही चोराचा क्लास मुद्दाम वगळतात, आणि त्यामागे हे चोख कारण आहे: त्यांना ते काम सगळ्यांना परत द्यायचं असतं.

आता फसलेल्या बंधनांकडे वळू. 1978च्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ आवृत्तीत गायगॅक्सने वंशावरून क्लास आणि लेव्हल यांना कुंपणं घातली. बुटक्या ड्वॉर्फना जादूगार होताच येत नसे. ड्वॉर्फ लढवय्या फार तर 9व्या लेव्हलपर्यंत जाई, हाफलिंग 6व्यापर्यंत. एल्फ जादूगार कितीही बुद्धिमान असला तरी 11व्या लेव्हलला त्याची वाट बंद. माणसाला मात्र कसलीच मर्यादा नव्हती. गायगॅक्सची भूमिका स्पष्ट होती: जग माणसांचं असावं, आणि एल्फांना अंधारात दिसणं वगैरे जादा गुण मिळत असल्यामुळे तोल राखायला हवा. पण विचार करा. ज्या नियमात एल्फ हजार वर्षांहून अधिक जगतो, त्याच नियमात तो 11व्या लेव्हलला थांबतो आणि तिशीतला माणूस त्याला मागे टाकून जातो. असं का, याचं उत्तर त्या जगातल्या कुठल्याही पात्राला देता येत नाही. उत्तर फक्त पुस्तक लिहिणाऱ्यापाशी आहे. शिवाय हा अडथळा लागतो कधी, तर वर्ष-दोन वर्षं मेहनत घेऊन पात्र वाढवल्यावर. अनेक टेबलांवर हा नियम पाळलाच गेला नाही, आणि 2000 साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीने तो काढून टाकला. याच 1978च्या पुस्तकात स्त्री-पात्रांच्या ताकदीवर पुरुषांपेक्षा खालची कमाल मर्यादा होती. ज्या खेळात माणसं आगीचे गोळे फेकतात, तिथे या मर्यादेने काय साधलं? काहीच नाही. 1989च्या आवृत्तीत तीही गेली.

त्याच पुस्तकातला पॅलाडिन मात्र अधिक गुंतागुंतीचा. तो फक्त माणूसच असू शके, वृत्तीने नीतिमान आणि सज्जन, आणि त्याचा ‘करिश्मा’ हा गुण किमान 17 हवा. तीन फाशांवर 17 किंवा 18 पडण्याची शक्यता 216मध्ये 4. पॅलाडिन दुर्मिळ असावा हे जगाच्या दृष्टीने योग्यच होतं. त्याने कमाईचा दहावा हिस्सा दान करायचा, जादूच्या वस्तू मोजक्याच बाळगायच्या, आणि जाणूनबुजून दुष्कृत्य केलं तर त्याच्या शक्ती कायमच्या जायच्या. ही बंधनं पात्राच्या आतून येतात, म्हणून ती पटतात. गाडं अडलं ते दुसरीकडे: पॅलाडिनचं व्रत टेबलावरच्या इतरांनाही पाळावं लागे. सोबतच्या चोराने खिसा कापला की पॅलाडिन उपदेश करू लागे, आणि एका खेळाडूच्या निवडीने बाकी चौघांची संध्याकाळ बांधली जाई. नव्या आवृत्त्यांनी वृत्तीची अट काढून वेगवेगळी व्रतं दिली, ते बरंच झालं.

बंधनातून जग कसं उभं राहतं हे पाहायचं असेल तर 1991चं ‘डार्क सन’ उघडावं. टिमोथी ब्राउन आणि ट्रॉय डेनिंग यांनी रचलेलं आणि ब्रॉमच्या चित्रांनी डोळ्यांपुढे आलेलं हे अ‍ॅथास नावाचं जग. लालसर सूर्याखाली होरपळलेली जमीन, जिथे पाणी सोन्याच्या भावाचं आणि लोखंड जवळपास नाहीच. नाणी भाजलेल्या मातीची, तलवारी हाडाच्या आणि काचदगडाच्या, आणि त्याही लढता लढता मोडतात. या जगात देव नाहीत. मग क्लेरिक कुणाची उपासना करणार? तो पृथ्वी, वायू, अग्नी, जल यांपैकी एका तत्त्वाशी बांधलेला असतो. नगरांवर राज्य करणाऱ्या जादूगार-राजांचे अधिकारी, टेम्पलर, आपली शक्ती थेट राजाकडून घेतात, आणि त्या बदल्यात करवसुलीपासून दडपशाहीपर्यंत राजाची सगळी कामं करतात. पॅलाडिन नाहीतच. बार्ड, जो इतर जगांत गाण्यातून जादू करतो, इथे जादू गमावून बसला आहे, पण विषांचा जाणकार झाला आहे. सरदार लोक त्याला एकमेकांच्या घरी पाठवतात, आणि तो मनोरंजनाला आलाय की यजमानाला संपवायला, हे कुणी सांगू शकत नाही. ग्लॅडिएटर हा नवा क्लास आखाड्यातून आला. देवाची आणि पुस्तकाची जादू आटली तिथे मनाच्या शक्तीला वाट मिळाली. बहुतेक प्रत्येक जिवाला तिचा थोडा तरी अंश लाभलेला आहे.

आणि विझर्ड, म्हणजे पुस्तकी मंत्रांचा जादूगार? यातली मेख इथेच आहे. अ‍ॅथासवर मंत्राला लागणारी ऊर्जा आजूबाजूच्या वनस्पतींतून ओढली जाते. निष्काळजीपणे ओढली तर भोवतालचं गवत राख होतं आणि ती जमीन नापीक होते. असं करणाऱ्याला ‘डिफायलर’ म्हणतात. जपून, जमिनीला न दुखावता ओढणारा तो ‘प्रिझर्व्हर’. जग वाळवंट झालं ते डिफायलरांमुळेच. नियम असा की डिफायलरला पुढची लेव्हल गाठायला अनुभवाचे गुण कमी लागतात. म्हणजे मोह नुसता गोष्टीत सांगितलेला नाही, तो आकड्यांत पेरलेला आहे. प्रिझर्व्हर खेळणारा माणूस आपला डिफायलर सोबती भराभर वर चढताना दर बैठकीत पाहतो. सामान्य लोकांना मात्र हा फरक कळत नाही. त्यांच्या लेखी जादूगार म्हणजे जमिनीचा मारेकरी, दिसला की ठेचायचा. वर सामान्यांना लिहिण्या-वाचण्याचीच बंदी, तेव्हा मंत्रांची वही जवळ सापडणं हाच गुन्हा. विझर्ड हा क्लास काढून टाकलेला नाही, पण तो खेळण्याचा अर्थ मुळापासून बदलला आहे.

उपासाच्या ताटाची गत अशीच आहे. गहू-तांदूळ वर्ज्य केले म्हणून साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी, राजगिऱ्याच्या वड्या असं एक वेगळं पानच मांडलं गेलं. ‘डार्क सन’च्या कर्त्यांनी काढलेल्या प्रत्येक गोष्टीच्या जागी त्या मातीतलंच काहीतरी वाढलं, म्हणून तिशी ओलांडल्यावरही त्या जगाचं नाव खेळाडू आवडीने घेतात.

1984मध्ये सुरू झालेल्या ‘ड्रॅगनलान्स’ने वेगळी चाल खेळली. ट्रेसी हिकमन आणि मार्गारेट वाइस यांच्या क्रिन या जगात एका महासंकटानंतर देव माणसांना दिसेनासे झाले आहेत, त्यामुळे कथेच्या सुरुवातीला खरे क्लेरिक नाहीतच. जखम झाली तर ती आपोआप भरेपर्यंत वाट पाहायची. मग गोल्डमून नावाच्या स्त्रीच्या हाती जखमा बऱ्या करणारा दंड येतो, आणि देव परतल्याची पहिली साक्ष मिळते. इथे बंदी उठणं हीच कथा आहे. क्लेरिक पहिल्या दिवसापासून मिळाला असता तर त्या दंडाला कुणी हिंग लावून विचारलं नसतं.

आता रोजच्या कामाचा भाग. आज घरोघरी खेळली जाणारी पाचवी आवृत्ती 2014ची. तिच्या मूळ पुस्तकातल्या 12 क्लासपैकी बार्ड, क्लेरिक, ड्रुइड, पॅलाडिन, रेंजर, सॉर्सरर, वॉरलॉक आणि विझर्ड हे 8 मंत्र वापरतात. उरतात बार्बेरियन, फायटर (लढवय्या), मंक आणि रोग (पूर्वीचा चोर). ‘माझ्या जगात जादू फार कमी आहे’ असं कुणी सहज म्हणून जातो तेव्हा तो दोन-तृतीयांश पुस्तक बंद करत असतो. टॉल्किनच्या मध्यभूमीत तर जादूगार म्हणून धाडलेले मोजून पाच. तिथे विझर्ड खेळू देणं म्हणजे त्या पाचांतल्या गॅन्डाल्फच्या पंगतीला कुणालाही बसवणं. 2016मध्ये क्युबिकल सेव्हन या प्रकाशनाने पाचव्या आवृत्तीवरून ‘अ‍ॅडव्हेंचर्स इन मिडल-अर्थ’ काढलं, तेव्हा त्यांनी जुने क्लास सरळ बाजूला ठेवले आणि सहा नवे दिले: स्कॉलर, स्लेयर, ट्रेझर हंटर, वाँडरर, वॉर्डन, वॉरियर. मंत्र म्हणणारा एकही नाही. जखमा बऱ्या करण्याचं काम स्कॉलरकडे गेलं. प्रवासात वाटाड्या, शिकारी, टेहळ्या अशा जबाबदाऱ्या वाटल्या, आणि मनावर साचत जाणाऱ्या सावलीचे गुण ठेवले.

उपचाराचा प्रश्न सगळ्यांत आधी सोडवावा लागतो, कारण जखमा भरणारा क्लेरिक काढला की पहिल्याच मोठ्या लढाईनंतर हा प्रश्न अंगावर येतो. पाचव्या आवृत्तीत तासाभराच्या विश्रांतीत प्रत्येक पात्र आपल्या लेव्हलइतके फासे खर्चून थोडं सावरतं, आणि ‘हीलर’ हे कौशल्य घेतलेला साधा फायटरही औषधांच्या पेटीने जखमा भरू शकतो. एवढ्यावर खेळ तरतो. पण त्याच आवृत्तीच्या डन्जन मास्टरच्या पुस्तकात एक पर्यायी नियम आहे: छोटी विश्रांती 8 तासांची, मोठी 7 दिवसांची. उत्साहाच्या भरात काही जण क्लेरिकही काढतात आणि हा नियमही लावतात. मग खेळाडू लढायचंच टाळतात, दर दोन दारांमागे आठवडाभर मुक्काम ठोकतात, आणि कथेचा श्वास कोंडतो. दोन्हींपैकी एकच करावं.

काही वेळा बंदी लागतच नाही, मंत्र नीट वाचला तरी पुरतं. खुनाची रहस्यकथा चालवणाऱ्यांना ‘स्पीक विथ डेड’ या मंत्राची धास्ती असते. पाचव्या लेव्हलचा क्लेरिक किंवा बार्ड प्रेताला पाच प्रश्न विचारू शकतो, मग गूढ उरणार कुठे? पण मंत्रातच लिहिलं आहे की प्रेताला तोंड हवं, एकदा तो वापरला की दहा दिवस त्या प्रेतावर पुन्हा चालत नाही, आणि उत्तरं त्रोटक, बहुधा कोड्यातली असतात. ज्या जगात असे क्लेरिक आहेत तिथला हुशार खुनी प्रेताचा जबडा घेऊन पळेल, किंवा स्वतःच भाडोत्री बार्ड आणून पाच फालतू प्रश्न आधी विचारून टाकेल. आता खेळाडूंपुढे नवा प्रश्न उभा राहतो: या गावात असा बार्ड कोण? माझ्या मते बंदीआधी हा रस्ता नेहमी चाचपून पाहावा. वाळवंटातल्या ड्रुइडलाही हेच लागू: त्याच्या ‘गुडबेरी’ मंत्राला मिसलटो या वनस्पतीची फांदी लागते, आणि ओसाड रेतीत ती मिळवणं हीच एक मोहीम होऊ शकते.

एक गोष्ट मात्र टाळाच. पात्र तयार झाल्यावर, खेळाडूने त्याचं नाव, गाव, आईबाप ठरवल्यावर, चौथ्या बैठकीत एखादा मंत्र वा शक्ती काढून घेऊ नका. त्यात खेळाडूचा विश्वास जातो, आणि तो परत मिळवायला कुठलाही नियम कामी येत नाही. तेव्हा नवा खेळ मांडणार असाल तर पहिल्या बैठकीच्या आधी एका कागदावर तीन रकाने आखा: कोणते क्लास नाहीत, या जगात ते का नाहीत, आणि त्यांचं काम आता कोण करतं. तो कागद सगळ्यांना वाचू द्या, हरकती ऐका. तिसऱ्या रकान्यात लिहायला काही सुचत नसेल, तर तो क्लास खेळात राहू द्या.